गेन दुपारी दोनला

आमच्या पिढीच्या गिटारवाल्यांकडे एक वही असे. वही म्हणजे कॉलेजच्या जर्नलमधली उरलेली कोरी पानं. त्यावर ओळीनं गोल काढलेले, प्रत्येक गोलात एक काटा आणि खाली बॉलपेननं लिहिलेलं : गेन दुपारी दोनला, बास सकाळी दहाला, मिडल बाराला, ट्रेबल एकला. अ‍ॅम्पच्या नॉबची जागा अशी घड्याळातच सांगायची पद्धत होती. ज्यांना वहीचा कंटाळा, ते थेट नॉबच्या कडेला टिकली डकवत. बहिणीच्या पाकिटातली मरून टिकली म्हणजे क्लीन, म्हणजे स्वच्छ आवाज; हिरवी म्हणजे ड्राइव्ह, म्हणजे मुद्दाम फाडलेला. हा सगळा खटाटोप एवढ्याचसाठी, की गेल्या रविवारी अवचित सापडलेला टोन पुढच्या रविवारी पुन्हा सापडावा. तो सापडत नसे. खोली बदललेली असे, पेडलची बॅटरी उतरलेली असे, नाहीतर टिकली गळून पडलेली असे.

आता वही लागत नाही. मॉडेलर नावाची पेटी पायाशी असते. तिच्यात अ‍ॅम्प, स्पीकर, माइक, पेडल असं सगळं गणिताच्या रूपात बसवलेलं असतं आणि 'सेव्ह' दाबलं की काटे जिथल्या तिथे थिजतात. काल रात्रीचा टोन आज सकाळी जसाच्या तसा हजर. ज्याच्यासाठी आम्ही इतकी वर्षं तळमळलो ते नेमकं हेच. ते मिळाल्यावर काय वाटलं म्हणाल, तर थोडा रागच आला.

मुळात सुरुवातीला आमच्याकडे अ‍ॅम्प नसायचेच. ठाण्या-डोंबिवलीच्या चाळींत, पुण्याच्या पेठांत इलेक्ट्रिक गिटार कशीबशी घरात यायची. पण तिच्यासाठी आणखी एक खोकं विकत घ्यायचं, हे वडिलांना पटवायचं कुणी? "वाद्य घेतलं ना, मग आवाज वेगळा कशाला विकत घ्यायचा?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मग माळ्यावरून आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ खाली यायचा. ग्रामोफोन जोडण्यासाठी त्याच्या पाठीला 'पिकअप'ची जागा असे, तिथे गिटार खुपसायची. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं. आत नारिंगी उजेड पडायचा, भाजलेल्या धुळीचा वास यायचा, आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला की एक मऊ, दाणेदार खरखर सुरू व्हायची. पुढे कळलं, की त्या काळच्या बऱ्याच रेडिओंत शेवटचा व्हॉल्व्ह ईएल84 जातीचा असायचा, आणि बीटल्सच्या व्हॉक्स एसी30 अ‍ॅम्पमध्येही तोच, फक्त चार. म्हणजे आमच्या माळ्यावर पाव बीटल्स होते.

ही झाली गोड बाजू. दुसरी अशी, की त्यांतले काही रेडिओ एसी-डीसी दोन्हीवर चालणारे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर नसलेले. त्यांचा आतला पत्रा थेट घरच्या विजेला जोडलेला. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की पत्र्यात वीज, पत्र्यातून केबलमध्ये आणि केबलमधून गिटारच्या तारांत. आमच्या पिढीतल्या अनेकांना संगीताचा पहिला झटका हा असा बसलेला आहे. आजी म्हणायची, लाकडी पाटावर बसून वाजव. हीच आमची सुरक्षा व्यवस्था. आज कुणी एखाद्या मुलाला असं करायला सांगितलं, तर त्याच्यावर गुन्हा दाखल व्हावा या मताचा मी आहे.

माझा भाचा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये रात्री अकरा वाजता हेडफोन लावून वाजवतो. शॉक नाही, धूळ नाही, आवाजही नाही. त्याच्या पेटीत शंभराच्या आसपास अ‍ॅम्प आहेत. ट्रेडमार्कच्या भीतीनं सगळ्यांची नावं बेनामी व्यवहारासारखी फिरवलेली : 'ब्रिट प्लेक्सी' म्हणजे मार्शल, 'यूएस डबल' म्हणजे फेंडरचा ट्विन रिव्हर्ब. आम्ही परदेशी मासिकातला ट्विनचा फोटो कापून कपाटाच्या आतल्या बाजूला लावला होता. भाचा तो अंगठ्यानं पुढे सरकवतो. त्याला तो अ‍ॅम्प किती किलोचा ते ठाऊक नाही. ठाऊक असण्याचं कारणही नाही. आम्ही मात्र यापेक्षा निम्म्या वजनाचे कॉम्बो लोकलच्या लगेजच्या डब्यात, मासळीच्या पाट्यांशेजारी उभे राहून नेलेत. त्यामुळे वजन हा टोनचाच एक भाग आहे असं आम्हाला मनोमन वाटतं. ते खोटं आहे, पण वाटतं.

आमच्या काळी टोनचं अर्थशास्त्र उलटं होतं. घाण फुकट मिळायची, स्वच्छ महाग होतं. गणपतीच्या मांडवात ऑर्केस्ट्रा उभा राहिला की ढोलकी, कोंगो, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि त्यात आमचा पंधरा वॉटचा देशी ट्रान्झिस्टर कॉम्बो. ऐकू यायचं असेल तर आवाज वाढवा, आणि वाढवला की तो फाटणार. अ‍ॅम्पला मिळणाऱ्या व्होल्टेजपलीकडे लाट उंच जाऊच शकत नाही, मग तिचे शेंडे छाटले जातात. व्हॉल्व्ह हे शेंडे हळूहळू गोलसर करतो, ट्रान्झिस्टर ते सपकन कापतो. त्या सपकन कापण्यातून जो कर्कशपणा येतो, तो आम्ही भावगीतांच्या मागेही वाजवला आहे. गायिका वळून बघायची. आम्ही अ‍ॅम्पकडे बघायचो.

खरा क्लीन टोन भेटला तो एका कॉलेज फेस्टिव्हलला, भाड्यानं आलेल्या रोलँड जेसी-120 मध्ये. 1975 सालचं ते डिझाइन : 120 वॉट, बारा इंची दोन स्पीकर आणि पाण्यावर हलणाऱ्या उन्हाचा भास देणारा स्वतःचा कोरस. त्यावर पहिल्यांदा डी मेजर छेडला तेव्हा कळलं, की आपल्या गिटारला सहा तारा आहेत. त्यांतल्या दोन बेसूर आहेत, हेही त्याच क्षणी कळलं.

तोच जेसी-120 आज भाच्याच्या पेटीत आहे. ट्विनही आहे. क्लीन लावायची त्याची रीत मी बसून पाहिली आणि मला ती आवडली. ब्रिजचा पिकअप निवडायचा, मनगट सोडून जोरात स्ट्रम करायचं आणि गेन वाढवत जायचा. कडा जरा चरकल्या की केसभर मागे यायचं. म्हणजे हलक्या हाताला आवाज स्वच्छ राहतो आणि जोराच्या हाताला थोडा खवळतो. खाली साधारण 80 ते 100 हर्ट्झच्या आतलं सगळं कापून टाकायचं, कारण तो मुलूख बास गिटारचा. कॉम्प्रेसर नावापुरता. रिव्हर्ब जितका आवडेल त्याच्या निम्मा. दोन मिनिटांचं काम. पण ही दोन मिनिटं संपली की स्पीकरची पेटी कोणती, तिच्यापुढे माइक कोणता, स्पीकरच्या कोनाच्या मधोमध की कडेला, किती इंचांवर, हे प्रश्न सुरू होतात. एसएम57 माइक मधून कडेला एक इंच सरकवला की ट्रेबलची धार खरंच बोथट होते, आणि पेटीतल्या गणितातही तशीच होते. हे इंच मोजण्यात त्याची अख्खी संध्याकाळ जाते. आमच्याकडे हा प्रश्नच नव्हता. माइक एकच होता आणि तो गायिकेकडे होता.

ड्राइव्हचा टोन आम्ही ऐकून-ऐकून कमावला, आणि ऐकायला होत्या कॅसेटी. 'कर्ज' 1980 चा. 'एक हसीना थी'ची ती गिटार, गोरख शर्मांनी वाजवलेली, ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येक गिटारवाल्याला यावीच लागे. टेप मागे, टेप पुढे, पुन्हा मागे. आमचा टेपरेकॉर्डर थोडा वेगानं पळायचा, त्यामुळे आम्ही गिटार त्याच्याशी जुळवून ती धून पाव सूर वर चढवून बसवली आणि मग कीबोर्डवाल्याशी भांडलो. रबराचा पट्टा ताणला जाऊन टेप वेग सोडायचा तेव्हा मूळ गिटारलाही एक वेगळाच झोक यायचा. आम्ही तोही इमानदारीनं बसवला.

पेडल तर घरीच बनायचे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकानं. 741 ची आयसी, चार रेझिस्टर आणि उलटसुलट जोडलेले दोन डायोड. सिलिकॉनचे डायोड साधारण 0.6 व्होल्टला लाट छाटतात. रेडिओतून उपटलेले ओए79 जर्मेनियमचे, ते त्याच्या निम्म्यातच आणि जरा मायेनं छाटतात. त्यामुळे रेडिओ दुरुस्तीवाल्याशी ओळख ठेवणं आवश्यक होतं. सगळा संसार साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत. धातूचं कवच नसल्यामुळे सोलो रंगात आला की मधूनच आकाशवाणीवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकू यायचा. कुणाचा तरी काका आखातातून नारिंगी डीएस-1 घेऊन आला, की तो एक पेडल चार-पाच ग्रुपांत फिरायचा. त्याचा अलिखित नियम होता : परत करताना नऊ व्होल्टची नवी बॅटरी घालून द्यायची. बॅटरी नवी आहे की नाही हे मालक तिथल्या तिथे जिभेला लावून बघे. झणझणली की मैत्री टिकली.

स्पीकरचा कोन पावसाळ्यात दमट होऊन फाटायचा, आम्ही त्याला फेव्हिकॉल आणि वर्तमानपत्राचा कागद चिकटवायचो. पुढे वाचलं, की 1951 च्या 'रॉकेट 88' या गाण्यातली ती घरघरणारी गिटार म्हणे वाटेत मार लागलेल्या अ‍ॅम्पमध्ये कागद कोंबून मिळाली होती. 1964 मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं तर ब्लेडनं स्पीकर मुद्दाम कापला. म्हणजे जगानं जे शोध म्हणून नोंदवलं, ते आमच्याकडे दुरुस्ती या सदरात मोडत होतं. कमी व्होल्टेजचंही तसंच. एडी व्हॅन हेलन व्हेरिअ‍ॅक लावून अ‍ॅम्पला मुद्दाम कमी व्होल्टेज द्यायचा, त्या टोनचं जगभर कौतुक झालं. आमच्याकडे संध्याकाळी सात ते नऊ हे आपोआप व्हायचं, आणि कौतुक कुणी केलं नाही.

अशा फाटक्या आवाजांच्या हुबेहूब नकला आता विकत मिळतात. 1998 मध्ये लाइन 6 चा लाल, राजम्याच्या दाण्यासारखा पॉड आला तेव्हा आम्ही हसलो होतो, आणि हसण्यासारखं त्यात होतंही. तार कशीही मारा, आवाज एकाच चेहऱ्यानं बाहेर यायचा. मग 2006 मध्ये अ‍ॅक्स-एफएक्स, 2015 मध्ये हेलिक्स. आता जोरात वाजवल्यावर वीज क्षणभर दमल्यासारखी खचते, तो खचलेपणाही गणितात बसवलेला आहे. किती खचावं यालाही एक नॉब आहे. नुसतं रेकॉर्डिंग ऐकवून खरा कोणता विचारलं, तर आमच्यातले भले भले चुकतात. मी नावं सांगणार नाही.

पण रोग तेच आहेत. आम्ही घरी एकटे वाजवताना मिडल शून्यावर न्यायचो, बास आणि ट्रेबल पूर्ण. खोलीत तो टोन डोंगराएवढा वाटायचा आणि मांडवात गिटार अदृश्य व्हायची. भाच्यानं हेडफोनवर बेतलेला ड्राइव्हही पहिल्या कार्यक्रमात असाच नाहीसा झाला.

"मामा, घरी तर जबरदस्त वाटत होता रे."

"घरी ड्रमर होता का?"

नव्हता. शिवाय कान कमी आवाजात एक ऐकतात आणि मोठ्या आवाजात दुसरं. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून ठेवलंय. हळू आवाजात बास आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो. मग स्टेजवर तेच खाली घोंगावतात आणि वर चरचरतात. त्यानं सगळं पुन्हा मांडलं, या वेळी मोठ्या आवाजात, स्पीकरवर. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं बोलतच नाही, म्हणून आधी स्पीकरची पेटी नीट निवडली आणि सहा-सात हजारांच्या वरचं कापलं. अ‍ॅम्पचा गेन जवळजवळ निम्म्यावर आणला. पुढे हिरवा ट्यूब स्क्रीमर, त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल पूर्ण. हा पेडल खालचं छाटतो आणि 700 हर्ट्झच्या आसपासचं मधलं पुढे ढकलतो, त्यामुळे अ‍ॅम्प घट्ट बोलायला लागतो. रिव्हर्ब आणि डिले अ‍ॅम्पच्या मागे, कारण पुढे ठेवले तर त्यांचाही चिखल होतो. शेवटी क्लीन आणि ड्राइव्ह एका पातळीवर आणले, तेही मीटर बघून नाही तर कानानं. ड्राइव्हचे शेंडे मुळातच दाबलेले असतात, त्यामुळे मीटर सारखा दिसला तरी तो क्लीनपेक्षा मोठा वाटतो.

हे सगळं आमच्याकडे एका वाक्यात व्हायचं. मंडळाचा साउंडवाला तोंडातलं पान न थुंकता लांबून ओरडायचा, "ए गिटार, चरचर कमी कर, मधला वाढव!" आम्हाला त्याचा संताप यायचा. फ्लेचर-मन्सन त्यानं वाचलेले नव्हते, पण तो नेहमी बरोबर असायचा.

मला वाटतं आमचं जे गेलं ते हेच. टोन वाईट होते, यात वाद नाही. तेव्हाची रेकॉर्डिंग आज ऐकवत नाहीत. पण तो टोन एकट्याचा नसायचा. त्यात साउंडवाल्याचा हुकूम असायचा, गायिकेची नजर असायची, पेडल उसना देणाऱ्याची बॅटरी असायची. खालच्या मजल्यावरच्या काकू लाटण्यानं छताला ठोके द्यायच्या, आमचा मास्टर व्हॉल्यूम म्हणजे तेच ठोके. इतक्या जणांचं ऐकून जे उरायचं ते घेऊन आम्ही वाजवायला लागायचो, कारण आणखी फिरवण्यासारखं काही शिल्लकच नसायचं. आज भाच्याला अडवणारं कुणी नाही, म्हणून थांबवणारंही कुणी नाही. काही रात्री तो नुसते नॉब फिरवतो, गाणं वाजवतच नाही. अर्थात काकूंना विचाराल, तर त्यांना आताचा काळ निर्विवाद आवडतो.

आणि तक्रारीही आता कसल्या! पेटीला तारेपासून कानापर्यंत दोन-तीन मिलिसेकंदांचा उशीर होतो म्हणून ही मुलं बेचैन. आवाजाला हवेतून एक मीटर जायला तेवढाच वेळ लागतो. आम्ही मांडवात अ‍ॅम्पपासून पाच मीटरवर, झालरीमागे उभे राहून वाजवायचो, म्हणजे पंधरा मिलिसेकंद. उशिरा ऐकू येतंय हे आमच्या लक्षातही आलं नाही. कदाचित म्हणूनच आम्ही तसे वाजवायचो.

एक गोष्ट मात्र मला खरोखर लागली. भाच्याच्या यादीत इंग्लंड आहे, अमेरिका आहे, जपान आहे. आम्ही ज्यावर वाजवलं ते काही मला तिथे सापडलं नाही. ना देशी कॉम्बो, ना मंडळाचा पीए अ‍ॅम्प आणि भोंगा, ना साबणाची डबी. मी हे बोललो तर तो सहज म्हणाला, "मग आण ना तुझा अ‍ॅम्प, आपण कॅप्चर करू." नव्या पेट्यांत ही सोय असते. पेटी अ‍ॅम्पमध्ये काही ठरावीक आवाज सोडते, पुढे ठेवलेल्या माइकातून ते परत ऐकते, दोन्हींतला फरक शिकते आणि काही मिनिटांत त्याची प्रतिकृती तयार करते. नॉब त्या वेळी जिथे असतील तिथलीच ती प्रतिकृती, म्हणून क्लीनची एक आणि ड्राइव्हची एक अशा निदान दोन घ्याव्या लागतात. माझा कॉम्बो केव्हाच भंगारात गेला.

तुमचा गेला नसेल. ऑर्केस्ट्रा बंद पडला तरी सामान कुणाच्या तरी माळ्यावर असतं, मंडळाच्या गोदामात ताडपत्रीखाली असतं. ते विकून टाकण्याआधी अशी पेटी असलेल्या एखाद्या मुला-मुलीला घरी बोलवा आणि आवाज उतरवून घ्या, कितीही घाण असला तरी. त्याआधी जाणत्या माणसाकडून कपॅसिटर तपासून घ्या. व्हॉल्व्हचा असेल तर स्वतः उघडू नका, कारण प्लग काढून ठेवल्यावरही त्यात चारशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात.